दवाखान्याचं वळण



गेले काही महिने ग्रामसंघांच्या वह्या तपासायचं काम माझ्याकडे आहे. अंतर्गत कर्जाच्या रकान्यात 'कारण' असं एक घर असतं. त्यात शेळी, शिलाई मशीन, कांद्याचं रोप, मुलीची फी हे येतंच. पण 'दवाखाना' हा शब्द पानोपानी दिसतो. शेळीसाठी घेतलेल्या कर्जातून करडं होतात, मशीनमधून चार ब्लाऊज शिवून होतात. दवाखान्याच्या कर्जाचा हप्ता मात्र बाई रोजंदारीतून काढते, नाहीतर दुसरं कर्ज घेऊन पहिलं फेडते.

हे फक्त आपल्या तालुक्याचं नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत दिलंय की २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर जो एकूण खर्च झाला, त्यातल्या शंभर रुपयांपैकी ३९ रुपये लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हेच ६४ रुपये होते. म्हणजे कमी झालेत, ते कबूल. पण खेड्यात हा 'खिसा' बऱ्याचदा बचत गटाचा असतो.

म्हणून बैठकांमधून मी एकच प्रश्न विचारत गेले. सरकारी दवाखाना जवळ असताना खासगीत का जाता? उत्तरं फिरून फिरून दोनच आली. एक, "तिथं काही मिळतच नाही." दुसरं, "तिथं नीट बोलत नाहीत." पहिलं उत्तर साधनांचं : पैसा, माणसं, औषध, पाणी, लाईट. दुसरं उत्तर वळणाचं. घराला जसं वळण असतं तसं दवाखान्यालाही असतं. आलेल्या बाईला बस म्हणतात का, चूक झाली तर कबूल करतात की लपवतात, शिपाई डॉक्टरला काही सांगू शकतो का, वस्तू बिघडली तर कोण पुढं होतं, हे सगळं त्यात येतं. आपण या दोन तक्रारी वेगळ्या समजतो. मला आता वाटतं की त्या एकाच गाठीची दोन टोकं आहेत.

गटाचंच बघा. दोन गटांना सारखाच फिरता निधी मिळतो. एक गट दर आठवड्याला बसतो, वही वाचून दाखवतो, हप्ता चुकला तर तोंडावर विचारतो. दुसऱ्यात अध्यक्षा आणि सचिवांचं पटत नाही, म्हणून सहा महिने पैसे बँकेत झोपून राहतात. पैसा तोच, पण वळण वेगळं. आणि पैसाच आला नाही तर चांगल्या वळणाचा गटही किती दिवस तग धरणार?

मोटार जळाली, त्याची गोष्ट

आपल्या तालुक्यातल्या एका गावाचं सांगते. नाव मुद्दाम देत नाही. गटातल्या एका मावशींच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. उपकेंद्रावर नेलं, तर सिस्टर म्हणाल्या, "इथं पाणी नाही, पुढं न्या." पुढं म्हणजे कुठं, ते त्या घाईत कोणी विचारलं नाही. जीप केली आणि खासगीत गेले. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण बिलासाठी गटातून कर्ज काढावं लागलं, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांनी सिस्टरच्या नावानं बोटं मोडली. मीही मोडली.

मग आम्ही चौघीजणी उपकेंद्रावर गेलो, भांडायच्या तयारीनंच. सिस्टरांनी आधी रजिस्टरांचा ढीग दाखवला, मग बोअरची मोटार दाखवली. ती कित्येक महिन्यांपासून जळालेली. "पैसे नाहीत का?" तर पैसे होते! खात्यावर पडून होते. काढायला जोड सही लागते, सिस्टरची आणि सरपंचांची. सरपंच म्हणत होते, आधी कोटेशन आणा. सिस्टर म्हणत होत्या, मी पाच गावं फिरू की कोटेशन गोळा करू? आणि खरी गोष्ट सगळ्यात शेवटी बाहेर आली. आधी एकदा त्यांनी तातडीनं खर्च केला होता आणि ऑडिटला पावतीवरून त्यांना खूप ऐकून घ्यावं लागलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, खर्चच करायचा नाही. खर्च केला नाही म्हणून आजवर कोणी बोललं नाही, केला म्हणून मात्र बोलणी बसली.

या एका वाक्यात सरकारी यंत्रणेचं निम्मं वळण आलं. जिथं चुकीची शिक्षा होते आणि न केलेल्या कामाची होत नाही, तिथं शहाणा माणूस काहीच करत नाही. बाहेरून आपल्याला दिसतं ते एवढंच, की तिथं पाणी नाही आणि सिस्टर नीट बोलत नाहीत.

कोण कोणाच्या हाताखाली

ही यंत्रणा आली कुठून ते थोडक्यात. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ मध्ये भोर समितीनं अहवाल दिला की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, आणि खेड्यापर्यंत आरोग्य केंद्रं न्यावीत. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडायला लागली. आजचा नियम असा : आपल्यासारख्या सपाटीच्या भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. एका हजाराला एक आशाताई. नियम कागदावरचा आहे. लोकसंख्या वाढते, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या आसपास टोळ्या येऊन उतरतात, पदं मात्र तेवढीच राहतात, आणि त्यातलीही काही रिकामी.

एक गोष्ट मात्र प्रत्येकीनं पक्की लक्षात ठेवावी, कारण आपली निम्मी ओरड चुकीच्या दारात जाते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे जिल्हा परिषदेचं. त्याचा तालुक्यातला अधिकारी म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, आणि जिल्ह्यातला जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय जिल्हा परिषदेचं नाही. ते थेट राज्याच्या आरोग्य विभागाचं, आणि त्याचे वरिष्ठ म्हणजे नगरचे जिल्हा शल्य चिकित्सक, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. म्हणजे ग्रामीण रुग्णालयाची तक्रार घेऊन पंचायत समितीत गेलात तर तिथले साहेब मान हलवतील, चहा पाजतील, पण त्यांच्या हातात काही नाही.

पैसा कुठल्या वाटेनं येतो

पगार, इमारत, मोठी यंत्रं यांचा पैसा वरून ठरून येतो, त्यात आपला हात पोचत नाही. औषधांचंही बरंचसं तसंच. राज्यानं २०१७ मध्ये खरेदीचं काम हाफकिन महामंडळाकडे दिलं, त्यात उशिराच्या तक्रारी झाल्या, मग २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण करायचा कायदा केला. गोळी संपली म्हणजे दर वेळी डॉक्टरांनीच विकली असं नसतं. पण मागणी वेळेवर गेली होती का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आपला हात पोचतो तो छोट्या पैशाला. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यात पहिल्यांदा 'अबंधित निधी' आला. अबंधित म्हणजे वरून कारण न बांधलेला. तिथल्या गरजेप्रमाणे तिथल्यांनी ठरवून खर्चायचा. सुरुवातीला उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये, प्राथमिक केंद्राला २५,०००, शिवाय देखभालीचे आणि रुग्ण कल्याण समितीचे वेगळे. गावालाही १०,०००, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या खात्यावर. पुढं आकडे बदलत गेले. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला ५०,००० पर्यंत अशी तरतूद आहे. दर वर्षी तेवढे येतातच असं नाही. आधीचे खर्च झाले नसतील तर पुढचे अडतात किंवा कमी होतात. म्हणजे खर्च न करणाऱ्या केंद्राला पुढं पैसेही मिळत नाहीत! वळणानं साधनं कमी होतात ती अशी.

या पैशातून मोटार, बल्ब, पडदा, पाण्याची टाकी, बाक, साफसफाई, अडलेल्या बाईला न्यायला गाडी असे खर्च करता येतात. कोणाचा पगार, सत्कार, फ्लेक्स हे बसत नाही.

आणि ही समिती कोणाची? मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावच्या आरोग्य समितीत निम्म्या तरी बायका हव्यात आणि बचत गटांच्या प्रतिनिधी हव्यात. मी तीन ग्रामसंघांत विचारलं, "या समितीवर तुमच्यातली कोण आहे?" दोन ठिकाणी कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी एक ताई समितीवर होती, आणि ते तिला त्याच दिवशी कळलं.

प्राथमिक केंद्राच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती असते. आता उपकेंद्र आणि प्राथमिक केंद्राला जन आरोग्य समिती करायच्या सूचना आहेत. प्राथमिक केंद्राच्या समितीत जिल्हा परिषद सदस्य प्रमुख आणि वैद्यकीय अधिकारी सचिव, अशी साधारण रचना. मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडून आलेलं माणूस नसलं की बैठक घ्या म्हणून मागं लागणारंही कोणी उरत नाही.

वळण बिघडतं तेव्हा

हे सगळं बल्ब-मोटारीपुरतं आहे असं वाटत असेल तर नगरचं आठवा. ६ नोव्हेंबर २०२१, दिवाळीचे दिवस. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडवर उपचार घेणारे ११ रुग्ण दगावले. कोणाकोणाच्या घरची माणसं होती ती, आपल्याच जिल्ह्यातली. नंतर चौकशी लागली, निलंबनं झाली, आणि अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना. त्यावर डॉक्टर आणि परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर आल्या, की वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, त्याचा निधी हे वॉर्डातल्या नर्सच्या हातात असतं का? दोष कोणाचा हे ठरवणं कोर्टाचं काम. पण संकट आलं की जबाबदारी खाली खाली घसरत सगळ्यात तळच्या बाईवर येते, हे आपल्याला नवं नाही. आणि असं घसरतं हे माहीत असलं की तळची बाई धोका दिसला तरी तोंड उघडत नाही. बोलली तर तिच्याच नावावर लागणार ना!

हे गरीब देशाचं दुखणं आहे म्हणावं, तर इंग्लंडचं उदाहरण आहे. तिथं १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा सगळ्यांना मोफत आहे आणि पैसा आपल्या कितीतरी पट. तिथल्या स्टॅफर्ड गावच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात म्हाताऱ्या रुग्णांचे अतोनात हाल झाले. पाणी मिळेना, कपडे बदलायला कोणी येईना. कारण काय, तर रुग्णालयाला वरचा दर्जा मिळवायचा होता, त्यासाठी हिशोब जमवायला नर्स कमी केल्या, आणि साहेबांचं सगळं लक्ष वर पाठवायच्या आकड्यांवर. कागद छान दिसत होते. हे उघडं पाडण्यात मोठा हात होता ज्युली बेली या बाईंचा. त्या चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल चालवायच्या. त्यांची आई २००७ मध्ये त्या रुग्णालयात वारली. त्यांनी तसंच सोसलेल्या कुटुंबांना आपल्या हॉटेलात बोलावलं आणि गट केला. शेवटी सरकारी चौकशी झाली, २०१३ मध्ये अहवाल आला, त्यात २९० शिफारशी होत्या आणि सगळ्यांचा रोख कामाच्या संस्कृतीवर, म्हणजे ज्याला मी वळण म्हणते त्यावर होता. (त्या बाईंना गावातल्याच काही लोकांनी पुढं खूप त्रास दिला, रुग्णालय बदनाम केलं म्हणून. आपल्याकडेही असं होतं.)

आपल्याच जिल्ह्यातलं चांगलं वळण

आता जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. दुष्काळी भाग, साधनं जवळजवळ नाहीत. पहिल्यांदा त्यांनी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही, त्या गावात रुळल्या नाहीत. मग गावानं निवडलेल्या बायका घेतल्या. बऱ्याच जणी निरक्षर, बऱ्याच जणी दलित. त्या ठराविक दिवशी जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि गावात काय घडलं ते सांगायच्या. डॉक्टर ऐकायचे. यंत्रं कमी होती, पण बाईचं बोलणं ऐकायची रीत होती, आणि बाळंतपणं, लसी, जुलाब, कुष्ठरोग यांत त्या बायकांनी जे करून दाखवलं ते बघायला देशोदेशीचे लोक यायला लागले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजच्या आशाताईंच्या कल्पनेत जामखेडचा वाटा मोठा आहे. फरक एवढा, की सरकारनं जामखेडची बाई घेतली, पण तिचं ऐकून घेणारी बैठक घेतली नाही. आशाताईला तालुक्याला बोलावतात ते बहुतेक आकडे द्यायला.

सरकारी यंत्रणेतही ऐकायची बैठक बसू शकते, हे महाराष्ट्रात झालेलं आहे. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यात समन्वयाचं काम बघत होती. गावच्या समितीनं उपकेंद्राचं, प्राथमिक केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं. सिस्टर येतात का, औषध मिळतं का, पैसे मागतात का, बोलणं कसं आहे. मग जनसुनवाई घ्यायची. मांडवात एका बाजूला लोक, एका बाजूला अधिकारी, आणि प्रत्येक तक्रारीला समोरासमोर उत्तर. तिथं एक गंमत लक्षात आली. पुष्कळदा डॉक्टर-नर्सच लोकांना हळूच सांगायचे, "आमच्याकडे हे नाही, ते तुम्हीच मांडा." आपण मागितलं तर वर पोचतं, हे त्यांनाही कळलं होतं.

बोलताना हातात काय असावं

भांडायला जाताना नियम माहीत असलेले बरे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, भरती असताना जेवण आणि न्यायला-आणायला गाडी हे जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासूनच मोफत आहे. गाडीला १०२, तातडीच्या वेळी १०८, सल्ल्याला आणि तक्रारीला १०४. बाहेरच्या औषधाची चिठ्ठी दिली तर ती फेकू नका, जपून ठेवा, तारखेसकट. दहा चिठ्ठ्या एकत्र घेऊन गेलात तर साहेब खुर्चीत सरळ बसतात.

दुसरं, एकटीनं नर्सवर ओरडू नका. ओरडून तिचं वळण आणखी बिघडतं. तिच्या पाठीशी उभं राहून वर मागा. माझं हे म्हणणं सगळ्यांना पटत नाही. एक ताई म्हणाल्या, "आमच्या पोरीला जे बोलली ते मी विसरू का?" विसरू नका. पैसे मागितले, हाकलून दिलं, अपमान केला, तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. पण पाणी नाही हा सिस्टरचा अपराध नाही, आणि या दोन गोष्टी एकाच अर्जात घातल्या तर दोन्ही बुडतात.

तर त्या गावाची मोटार. ग्रामसंघानं ठराव केला, गावातल्याच वायरमनकडून आणि दोन दुकानांतून मिळून तीन कोटेशनं आणली, आणि सिस्टर, सरपंच, आशाताई यांना एकाच दिवशी एकाच खोलीत बसवलं. सगळ्यात अवघड हेच होतं. ठरावाच्या नकलेवर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, म्हणजे उद्या ऑडिटला सिस्टर एकट्या उभ्या राहणार नाहीत. आठ दिवसांत मोटार बसली. आता महिन्याच्या बैठकीत उपकेंद्राच्या जमाखर्चाचं पान गटाच्या वहीसारखंच मोठ्यानं वाचतात. सिस्टर सुरुवातीला अवघडून बसायच्या, आता स्वतःच विषय काढतात. या वेळचा विषय लेबर रूमच्या इन्व्हर्टरची बॅटरी आहे. दोन कोटेशनं आलीत, तिसरं मंगळवारी नेवासा फाट्यावरून आणायचं ठरलंय.